हसण्याची नोकरी

शरीराचे आणि बुद्धीचे श्रम पगारावर विकले जातात हे अर्थशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होते. चेहऱ्यावरचे हसू, आवाजातला ओलावा आणि राग गिळण्याची तयारी हीदेखील त्याच पगारात विकली जाते, हे पहिल्यांदा नीट मांडले ते अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली रसेल हॉक्शील्ड यांनी. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात त्यांनी अशा कामाला ‘भावनिक श्रम’ म्हटले. ठरावीक भावना दाखवणे किंवा दडपणे हा नोकरीचाच भाग असतो, त्यावर वरिष्ठांची देखरेख असते आणि त्याची किंमत वेतनात धरलेली असते, तेव्हा ते भावनिक श्रम. घरी आलेल्या पाहुण्यापासून कंटाळा लपवतानाही मेहनत पडतेच, पण तिथे कुणी गुण देत नाही आणि पगारही कापत नाही.

हॉक्शील्ड यांचा अभ्यास दोन टोकांच्या नोकऱ्यांवर उभा होता. एका बाजूला डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सेविका, दुसऱ्या बाजूला थकलेली बिले वसूल करणारे कर्मचारी. सेविकांच्या प्रशिक्षणात विमानाचा कक्ष म्हणजे आपल्या घरातला दिवाणखाना समजावा, प्रवासी म्हणजे पाहुणे समजावेत, असे शिकवले जाई. अंगावर ओरडणाऱ्या प्रवाशाला लहान मूल समजावे, किंवा त्याच्या घरी नुकतेच काही वाईट घडले असेल असे मनात आणावे, म्हणजे राग आपोआप ओसरतो, अशी ती शिकवण होती. वसुली करणाऱ्यांना नेमके उलटे काम होते. समोरचा खोटे बोलतो आहे असे धरून चालायचे, सहानुभूती वाटली तरी ती आवाजात येऊ द्यायची नाही. एकीकडे माया पिकवायची, दुसरीकडे संशय. दोन्हींत कर्मचाऱ्याच्या मनावर मालकाचा नियम चालतो, हे या जोडीमुळे स्पष्ट झाले.

या अभ्यासाला काळाची एक पार्श्वभूमीही होती आणि नंतरच्या संशोधनात ती बरीचशी विसरली गेली. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतील विमानसेवेवरचे सरकारी नियंत्रण उठले, भाड्यांची चढाओढ लागली आणि त्याच वेळात जास्त प्रवाशांना सेवा द्यायची वेळ सेविकांवर आली. मूठभर प्रवाशांशी मनापासून बोलता येते, खचाखच भरलेल्या विमानात तेच बोलणे यंत्रासारखे होते. कामाचा वेग वाढला, पण हसण्याची अट सुटली नाही. सेविकांनी त्याला दिलेले उत्तर म्हणजे पातळ झालेले, डोळ्यांपर्यंत न पोहोचणारे हसू. भावनिक श्रमांचा प्रश्न स्वभावाचा आहे की कामाच्या आखणीचा, हा पुढे चार दशके चालणारा वाद या एका तपशिलात बीजरूपाने आहे.

हॉक्शील्ड यांनी भावना हाताळण्याचे दोन मार्ग सांगितले. पहिला वरवरचा अभिनय: आत चीड आहे, बाहेर हसू. दुसरा खोल अभिनय: परिस्थितीकडे पाहण्याची दृष्टीच बदलून हवी ती भावना खरोखर जागवायची. ही कल्पना त्यांनी रशियन रंगकर्मी स्तानिस्लाव्हस्की यांच्या अभिनयपद्धतीवरून घेतली. नट रंगमंचावर जे करतो ते सेविका विमानात करते. नटाला मात्र पडदा पडल्यावर रंग उतरवता येतो, आणि प्रेक्षक त्याच्या अंगावर चहा फेकत नाहीत. पुढे ब्लेक ॲशफोर्थ आणि रोनाल्ड हम्फ्री यांनी १९९३ साली तिसरा मार्ग जोडला. जी भावना दाखवायची ती अनेकदा खरोखरच वाटत असते. रडणाऱ्या मुलाला समजावणाऱ्या परिचारिकेला माया ओढूनताणून आणावी लागत नाही.

या दोन अभिनयांत शरीर वेगळे वागते, याचा पुरावा प्रयोगशाळेतून आला. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९३ साली काही जणांना किळस आणणारी फिल्म दाखवली आणि चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका असे सांगितले. चेहरे शांत राहिले, पण किळस जराही कमी झाली नाही. उलट शरीराच्या काही खुणांवरून ताण वाढल्याचे दिसले. नंतरच्या प्रयोगांत असेही आढळले की भावना चेहऱ्यावर येण्यापासून रोखणाऱ्यांना त्या वेळी ऐकलेले-पाहिलेले तपशील कमी आठवतात. मनाचा एक भाग सतत चेहऱ्यावर पहारा देत असतो, त्यामुळे बाकीच्या कामाला उरलेले लक्ष तोकडे पडते. ग्राहक काय बोलला हेच लक्षात न राहणारा हसतमुख कर्मचारी प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्याला बेफिकीर ठरवण्यापूर्वी ही गोष्ट विचारात घ्यावी.

ॲलिशिया ग्रँडी यांनी २००० साली ग्रॉस यांची भावना आवरण्याबद्दलची मांडणी आणि हॉक्शील्ड यांची संकल्पना एकत्र बांधली. भावना उमटण्याआधीच विचार वळवणे म्हणजे खोल अभिनय, भावना उमटल्यावर ती झाकणे म्हणजे वरवरचा. समाजशास्त्रातला विषय त्यामुळे मानसशास्त्रज्ञांच्या हाती आला, प्रश्नावल्या तयार झाल्या आणि आकडे मोजता येऊ लागले. या बदलाची किंमतही होती. हॉक्शील्ड यांना मालक, वेतन आणि स्त्रियांवर पडणारे ओझे यांबद्दल बोलायचे होते. प्रश्नावलीत उरला तो एकटा कर्मचारी आणि त्याचे मन.

भावनिक श्रमांच्या चर्चेत हमखास येणारा दुसरा शब्द म्हणजे बर्नआउट, कामाने माणूस आतून जळून रिता होणे. त्याचा उगम मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली त्यावर पहिला ठळक लेख लिहिला. दिवसा स्वतःचा व्यवसाय करून रात्री व्यसनी तरुणांसाठी राबणारे स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, उदास आणि हटवादी होतात असे त्यांना दिसले. त्यांत ते स्वतःही होते. जवळपास त्याच काळात कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मॅस्लाक परिचारिका, वकील आणि समाजसेवक यांच्याशी बोलत होत्या. माणसांच्या दुःखाला रोज सामोरे जाणारी ही मंडळी स्वतःला कशी वाचवतात, हा त्यांचा प्रश्न होता. पुष्कळ जण अशिलाचा किंवा रुग्णाचा माणूस म्हणून विचार करणेच सोडून देतात, हे त्याचे अस्वस्थ करणारे उत्तर मिळाले. ‘सात नंबरच्या खाटेवरचा पित्ताशय’ असे रुग्णाबद्दल बोलले जाते ते यातूनच.

मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ साली २२ विधानांची प्रश्नावली तयार केली. ती मॅस्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी म्हणून जगभर वापरली जाते. तिच्यात तीन गोष्टी मोजल्या जातात. पहिली भावनिक थकवा: सकाळी उठतानाच वाटणारे रितेपण. दुसरी दुरावा: समोरच्या माणसांबद्दल आलेला कोरडा, तुच्छतेचा भाव. तिसरी कर्तृत्वाची घसरण: आपण करतो त्याचा कुणाला काही उपयोग नाही असे वाटणे. सुट्टी घेतली की उतरतो तो थकवा वेगळा. बर्नआउटमध्ये सुट्टीनंतर पुन्हा कामाच्या दाराशी पोहोचताच पोटात गोळा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. दीर्घकाळ टिकलेला आणि नीट हाताळला न गेलेला कामाच्या ठिकाणचा ताण, त्यातून उद्भवणारी व्यवसायाशी निगडित स्थिती, अशी ती नोंद आहे, आणि आयुष्यातल्या इतर थकव्यांना हा शब्द लावू नये असेही तिथे बजावले आहे. स्वीडनमध्ये मात्र तीव्र मानसिक दमणूक हे वैद्यकीय निदान म्हणून २००५ पासून मान्य आहे. आजार की परिस्थिती, हा प्रश्न वरवर पाहता पुस्तकी वाटतो. आजार मानला तर उपचार माणसावर होतात, परिस्थिती मानली तर ते कामावर व्हायला हवेत.

भावनिक श्रम आणि बर्नआउट हे संशोधनाचे दोन प्रवाह एकत्र आले २००० च्या आसपास. सेलेस्ट ब्रॉदरिज आणि ग्रँडी यांनी २००२ साली दाखवले की माणसांशी किती वेळा आणि किती वेळ बोलावे लागते यापेक्षा भाव खोटे दाखवावे लागतात का, यावरून दुरावा अधिक नीट ओळखता येतो. उटे ह्यूल्सहेगर आणि आन्ना शेवे यांनी २०११ साली तीन दशकांतील ९५ स्वतंत्र अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वरवरच्या अभिनयाचा थकव्याशी, तणावाशी आणि कामातील असमाधानाशी स्पष्ट संबंध आढळला. खोल अभिनयाचा आरोग्याशी संबंध फारसा दिसला नाही, मात्र ग्राहकाचे समाधान आणि कामाचा दर्जा यांच्याशी तो जोडलेला होता. याआधी ह्यूल्सहेगर यांनीच जर्मनीतील प्रशिक्षणार्थी शिक्षकांचा ठरावीक अंतराने मागोवा घेतला होता. त्यात वरवरचा अभिनय आधी आणि ताणातली वाढ नंतर असा क्रम दिसला.

हे निष्कर्ष हॉक्शील्ड यांच्या मूळ भीतीशी पूर्ण जुळत नाहीत. त्यांच्या मते धोका तीन प्रकारचा होता. नोकरीशी एकजीव झालेली सेविका बर्नआउटच्या तोंडी जाते. नोकरीपासून स्वतःला अलग ठेवणारी, पण त्याबद्दल स्वतःलाच ढोंगी म्हणवून घेणारी सेविका अपराधी भावनेत अडकते. अलग राहून त्याचे काहीच न वाटणारी तुलनेने सुखी असते, तिला धोका फक्त सगळ्याच गोष्टींबद्दल विश्वास उडण्याचा. म्हणजे खोल अभिनय करणारीच सर्वांत आधी जळते, असा त्यांचा कयास होता. आकडेवारी उलटे सांगते. पण प्रश्नावली भरणारा माणूस आज दमला आहे का ते सांगतो. वीस वर्षे मनाला वळण लावल्यावर आपल्याला खरोखर काय वाटते याची ओळख उरली आहे का, हे त्या रकान्यात मावत नाही. हॉक्शील्ड यांची शंका खोटी ठरली, असे म्हणण्यापेक्षा ती अजून तपासलीच गेलेली नाही असे म्हणणे रास्त होईल.

व्यक्तिमत्त्वाचा मुद्दा इथे येतो. एकाच काउंटरवर, त्याच ग्राहकांसमोर एक जण संध्याकाळी गाणे गुणगुणत घरी जातो आणि दुसरा अंथरुणावर कोसळतो. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे घटक मानले जातात: बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता, सौजन्य, कर्तव्यदक्षता आणि नव्याबद्दलचा मोकळेपणा. ब्रायन स्वायडर आणि रायन झिमरमन यांनी २०१० साली या घटकांचा बर्नआउटशी असलेला संबंध एकत्रित मोजला आणि लेखाला नाव दिले ‘बॉर्न टु बर्नआउट’. हे पाच घटक मिळून माणसामाणसांतील भावनिक थकव्याच्या फरकाचा जवळपास एक-तृतीयांश भाग सांगतात, असा त्यांचा हिशोब होता. सर्वांत मोठा वाटा भावनिक अस्थिरतेचा, म्हणजे चटकन काळजीत पडणाऱ्या, मनाला लावून घेणाऱ्या स्वभावाचा. बहिर्मुख माणसे कमी थकतात. टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ग्राहकसेवेतील कर्मचाऱ्यांचा रोजच्या रोज मागोवा घेतला, तेव्हा तोच अभिनय अंतर्मुखांना अधिक महाग पडतो असे आढळले. मुळात आनंदी असलेल्याला आनंद दाखवायला फार लांब जावे लागत नाही.

कर्तव्यदक्षतेबाबत मात्र लोकप्रिय समज आणि आकडे यांत फारकत आहे. ‘जो जीव ओतून काम करतो तोच आधी संपतो’ ही समजूत फ्रॉइडेनबर्गर यांच्यापासून चालत आली आहे. एकत्रित अभ्यासांत कर्तव्यदक्ष माणसे सरासरीने थोडी कमीच थकलेली दिसतात. याचे एक कारण असे असू शकते की कामे वेळेवर उरकण्याची सवय ताणाला आधीच आवर घालते. दुसरे कारण अभ्यासाच्या पद्धतीत दडलेले आहे: जे पार संपले ते नोकरी सोडून गेले आणि प्रश्नावली भरायला उरलेच नाहीत.

अस्थिर स्वभाव आणि थकवा यांच्या घट्ट नात्याकडेही थोड्या संशयाने पाहायला हवे. मनाला लावून घेणारा माणूस आपला स्वभाव, आपला ताण, आपली डोकेदुखी, सगळ्याबद्दलच जास्त तक्रार नोंदवतो. दोन्ही प्रश्नावल्या त्यानेच भरलेल्या असतात. नात्याचा काही भाग त्यामुळे मोजणीचाच परिणाम असतो. शिवाय माणूस एकाच मार्गाला चिकटून राहत नाही. ॲलिसन गॅब्रिएल आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली कर्मचाऱ्यांचे पाच गट पाडले: अभिनय जवळजवळ न करणारे, थोडाच करणारे, मुख्यतः वरवरचा करणारे, मुख्यतः खोल करणारे आणि दोन्ही भरपूर करणारे. थकव्याचे पारडे जड दिसले ते वरवरचा अभिनय ज्यांत आहे त्या गटांत.

स्वभावाचे संशोधन कंपन्यांना आवडते, याचे कारण उघड आहे. हसरे उमेदवार निवडले की झाले, कामात काही बदलावे लागत नाही. पण त्याच संशोधनाने दुसरी एक गोष्ट दाखवली आहे आणि ती जास्त उपयोगाची आहे. ग्रँडी, ग्लेंडा फिस्क आणि डर्क स्टायनर यांनी २००५ साली अमेरिकी आणि फ्रेंच कर्मचाऱ्यांची तुलना केली. ज्यांना कामात स्वतःचे निर्णय घेता येत होते, त्यांच्यावर भावना आवरण्याचा भार कमी पडला. फ्रान्समध्ये भावना आवरणे आणि बर्नआउट यांचे नाते अमेरिकेपेक्षा सैल होते. दुकानदाराने हसलेच पाहिजे अशी अपेक्षा तिथे कमी आहे आणि आठ्या घालण्याची मुभा जास्त. २००७ साली लोरी गोल्डबर्ग आणि ग्रँडी यांनी प्रयोगशाळेत नकली कॉल सेंटर उभारले. ‘नेहमी प्रसन्नच राहा’ असा नियम ज्यांना दिला ते अधिक थकले आणि त्यांच्या हातून ऑर्डर लिहिण्यात जास्त चुका झाल्या. ज्यांना नियम नव्हता त्यांना तेच ग्राहक सोपे गेले.

हसल्याने धंदा वाढतो हे गृहीतकही तपासले गेले आहे. रॉबर्ट सटन आणि अनत रफाएली यांनी १९८८ साली अमेरिकेतील ५७६ किराणा दुकानांची पाहणी केली. जिथे विक्री जास्त तिथे कर्मचाऱ्यांचे हसू आणि आभार कमी होते. कारण साधे होते: गर्दीच्या दुकानात रांग पुढे सरकवायची घाई असते आणि रांगेतल्या ग्राहकालाही गप्पांपेक्षा सुटे पैसे लवकर हवे असतात. सौजन्याचा नियम मुख्य कार्यालयात बसून लिहिला की दुकानातली वेळ त्यात धरलेली नसते. दादर स्थानकावर सकाळी नऊ वाजता तिकीट देणाऱ्याकडून ‘आपला दिवस शुभ जावो’ ऐकण्याची इच्छा कोणत्याही प्रवाशाला होणार नाही.

भारतात हा विषय सर्वांत ठळकपणे दिसला तो कॉल सेंटरमध्ये. २००० नंतर पुणे, नवी मुंबई, गुरुग्राम, बंगळुरू इथे रात्रपाळीत अमेरिकी ग्राहकांशी बोलणारी मोठी तरुण फळी उभी राहिली. तिला उच्चार बदलायला शिकवले गेले, अनेकांना पाश्चात्त्य नाव घ्यावे लागले, आणि ‘तुम्ही कुठून बोलता’ या प्रश्नाला टाळत किंवा त्यामागची शिवी गिळत संवाद प्रसन्न ठेवावा लागला. समाजशास्त्रज्ञ किरण मीरचंदानी यांनी २०१२ सालच्या ‘फोन क्लोन्स’ या पुस्तकात या कामाचा अभ्यास केला आहे. हॉक्शील्ड यांच्या सेविकेला फक्त भावना बदलावी लागत होती, इथे भावना वाहून नेणारा माणूसच बदलावा लागे. कर्जवसुलीची बाजूही भारतात आहे. वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावले. कर्जदाराला ते संरक्षण हवेच होते. दिवसभर दरडावण्याचे लक्ष्य गाठणाऱ्या एजंटाच्या मनाचे काय होते, हा विषय अशा कोणत्याच परिपत्रकात येत नाही.

थकवा कामाच्या जागेपुरता राहत नाही. डेव्हिड वॅग्नर, ख्रिस्तोफर बार्न्स आणि ब्रेंट स्कॉट यांनी २०१४ साली बसचालकांचा अभ्यास केला. ज्या दिवशी चालकाने प्रवाशांसमोर जास्त खोटे हसू आणले, त्या रात्री झोप बिघडली, चिंता वाढली आणि घरच्यांशी खटके उडण्याचे प्रमाण वाढले. चालकाच्या थकव्याची झळ घरी बसलेल्या जोडीदाराला लागते, म्हणजे भावनिक श्रमांच्या खर्चाचा एक भाग असा माणूस भरतो ज्याला पगारच मिळत नाही.

बर्नआउट नेमके किती जणांना आहे, याचे उत्तर मात्र अजून कुणापाशी नाही. २०१८ साली अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात डॉक्टरांवरील १८२ अभ्यासांचा आढावा आला. बर्नआउटचे प्रमाण कुठे शून्य टक्के, तर कुठे ८०.५ टक्के निघाले होते. रोग एका जागी अजिबात नाही आणि दुसऱ्या जागी सर्वत्र, असे नव्हते. संशोधकांनी बर्नआउट ठरवायच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या वापरल्या होत्या. काही अभ्यासकांच्या मते ज्याला बर्नआउट म्हटले जाते त्याचा मोठा भाग नैराश्यच आहे. या वादाचा निकाल लागेपर्यंत ‘अमुक टक्के कर्मचारी बर्नआउट झाले’ अशा मथळ्यांकडे जपून पाहिलेले बरे.

उपायांबाबतही पुरावा एकसारखा नाही. ध्यान, श्वसनाचे व्यायाम, ताणाबद्दलची कार्यशाळा यांचा फायदा होतो, पण तो साधारणतः थोडा असतो. डॉक्टरांवरील प्रयोगांचा २०१७ सालचा एकत्रित आढावा सांगतो की पाळ्यांची फेरआखणी, कामाचा भार कमी करणे, निर्णयांत डॉक्टरांना सहभागी करून घेणे यांसारख्या संस्थेच्या पातळीवरच्या बदलांचा परिणाम व्यक्तीला दिलेल्या प्रशिक्षणापेक्षा जास्त दिसतो. मॅस्लाक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ साली सहा जागा दाखवून दिल्या होत्या, जिथे माणूस आणि काम यांची सांगड तुटते: कामाचा भार, हातातले नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांची सोबत, न्याय आणि मूल्ये. सहापैकी एकही जागा कर्मचाऱ्याच्या स्वभावात नाही. ग्राहकाने शिवी दिल्यास फोन ठेवण्याची मुभा, कठीण संवादानंतर पाच मिनिटे मोकळी, चेहरा सैल सोडता येईल अशी आतली खोली, या गोष्टी स्वस्त आहेत. त्या मिळतात की नाही हे बहुतेक ठिकाणी अजून पर्यवेक्षकाच्या मर्जीवर अवलंबून आहे. ॲपवरून चालणाऱ्या टॅक्सीत आणि घरपोच सेवेत तर पर्यवेक्षकही समोर नसतो. ग्राहकाने दिलेले तारे त्याची जागा घेतात. एखादा तारा कशामुळे गेला हे चालकाला कळत नाही, त्यामुळे गाडी सुरू असेपर्यंत हसू उतरवण्याची सोय राहत नाही.